जाहिरात बोलते, पण कोणाशी?

अलिबागहून रेवदंड्याकडे येणाऱ्या एस.टी.त खिडकीपाशी जागा मिळाली, तर नागाव आणि चौल मागे पडेपर्यंत पाट्याच पाट्या दिसतात. 'घरगुती जेवण मिळेल', 'ए.सी. रूम', 'समुद्र दोन मिनिटांवर'. या पाट्या आपल्या गावांत लागल्या आहेत, पण आपल्यासाठी नाहीत. नारळ-सुपारीच्या वाडीत राहणाऱ्याला समुद्र किती लांब आहे हे कोणी सांगायला नको. त्या मुंबई-पुण्याच्या गाडीतल्या माणसासाठी आहेत. तो वेगात जाणार, त्याच्याजवळ तीन-चार सेकंद असणार, म्हणून शब्द कमी, अक्षर मोठे आणि शेवटी एक बाण. पाटी लिहिणाऱ्या पेंटरने कोणतेही पुस्तक वाचलेले नसेल, पण 'कोणाला सांगायचे आहे' हा प्रश्न त्याने आधी सोडवलेला असतो. याच रस्त्यावर कधीकधी सरकारी सूचनेचा फलक दिसतो. त्यावर बारीक अक्षरांत पंधरा-वीस ओळी असतात, कलम आणि पोटकलमासकट. तो उभे राहून वाचणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

संदेश कसा पोहोचतो, कुठे अडतो आणि कुठे भलत्याच अर्थाने पोहोचतो, याचा अभ्यास करणारे एक स्वतंत्र शास्त्र आहे. मराठीत त्याला संज्ञापनशास्त्र म्हणतात. नाव जड आहे, पण जाहिरात, पोस्टर, पाकिटावरचे चित्र, लग्नपत्रिका हे सगळे त्यात येते, आणि ते तर आपल्या घरातच असते. मुलांना कविता कशी वाचायची हे आपण शाळेत शिकवतो. जाहिरात कशी वाचायची हे मात्र फारसे कोणी शिकवत नाही, आणि चुकीची वाचली तर कवितेपेक्षा जाहिरातच जास्त महाग पडते.

अमेरिकेतील हॅरल्ड लासवेल या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने पहिल्या महायुद्धातील प्रचाराचा अभ्यास केला होता. पुढे १९४८ मध्ये लिहिलेल्या एका लेखात त्याने संदेश तपासण्यासाठी पाच प्रश्न मांडले. कोण सांगतो? काय सांगतो? कोणत्या मार्गाने सांगतो? कोणाला सांगतो? आणि त्याचा परिणाम काय होतो? एवढेच. नववीच्या मुलांना हे पाच प्रश्न फळ्यावर लिहून दिले, तर पाच मिनिटांत पाठ होतात. ते वापरायला मात्र वेळ लागतो.

त्याच वर्षी, म्हणजे १९४८ मध्येच, टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करणारा गणितज्ञ क्लॉड शॅनन याने वेगळ्या बाजूने विचार केला. संदेशाचा अर्थ काय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तारेच्या या टोकाला जे टाकले ते त्या टोकाला जसेच्या तसे निघते का, एवढाच त्याचा सवाल. वाटेत जे काही मिसळते त्याला त्याने 'नॉइज' म्हटले, आपण त्याला गोंगाट म्हणू. हा गोंगाट कानालाच ऐकू यावा असे नाही, तो कागदावरही असतो. उर्दू मजकूर घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेलेल्या प्रत्येकाने तो पाहिला आहे. घरच्या संगणकावर नीट जुळलेले शब्द दुकानातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकले की अक्षरे एकमेकांपासून सुटतात, कधी तर उलट्या क्रमाने उभी राहतात. दुकानदाराला उर्दू येत नसते, त्याला ते नक्षीसारखेच दिसते आणि तो तसेच छापतो. देवनागरीचीही गत फार वेगळी नाही, तिथे पहिली वेलांटी उडी मारून पुढच्या अक्षरावर जाऊन बसते.

गोंगाटावर शॅननने सांगितलेला उपाय आपल्या वाडवडिलांना आधीच माहीत होता. तोच मजकूर थोडा जास्तीचा, दुसऱ्या रूपात पुन्हा सांगायचा. लग्नपत्रिकेवर आपण तारीख लिहितो आणि वारही लिहितो. खरे पाहता तारीख कळली की वार सांगायची गरज नाही. पण छापखान्यात ८ चा ९ झाला, तर 'रविवार' हा शब्द वाचवतो. पाहुणा फोन करून विचारतो की रविवारी तर आठ तारीख आहे, मग नेमके कधी यायचे? आपल्याकडे अनेक पत्रिकांवर हिजरी तारीखही असते. म्हणजे एकाच दिवसाला तीन खुंट्या.

उर्दू लिपीत ही गोष्ट आणखी महत्त्वाची ठरते, कारण जेर, जबर, पेश या खुणा आपण सहसा लिहीत नाही. मीम, हे आणि रे ही तीनच अक्षरे घ्या. त्यांचा निकाहातला महर होतो, कागदावरची मोहर म्हणजे शिक्का होतो, आणि मेहर म्हणजे सूर्य किंवा मायाही होते. वाक्य पुढे असेल तर वाचणारा चुकत नाही, कारण आजूबाजूचे शब्द त्याला सांभाळून घेतात. पण विशेषनामाच्या आजूबाजूला असे शब्द नसतात. म्हणून पत्रिकेवर, शाळेच्या बॅनरवर किंवा दवाखान्याच्या पाटीवर नाव उर्दूत असेल, तर तेच खाली देवनागरीत द्यावे असे मी नेहमी सांगतो. काहींना यात उर्दूचा कमीपणा वाटतो. मला तो वाटत नाही, पाहुणा घरी पोहोचणे महत्त्वाचे. एक बारकावा मात्र सांभाळावा लागतो. नस्तालीक अक्षर उजवीकडून वरून खाली उतरत येते, त्याला उंचीची जागा लागते. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली, तिला आडवी जागा लागते. दोन्हींना सारख्याच पट्टीत कोंबले की उर्दू मुंगीएवढी होते. मग वाचक म्हणतो, उर्दू वाचता येत नाही. दोष उर्दूचा नसतो, पट्टीचा असतो.

अक्षराचे वळण स्वतःच काही सांगत असते, हे महाराष्ट्रात कमल शेडगे यांनी दाखवून दिले. वर्तमानपत्रातली मराठी नाटकांच्या जाहिरातींची त्यांनी केलेली अक्षरे पाहून नाटक गंभीर आहे की हसवणारे याचा अंदाज नाव वाचण्याआधीच यायचा. र. कृ. जोशी यांनी आयुष्यभर भारतीय लिप्यांच्या अक्षरांवर काम केले. संगणकाच्या विंडोजमधला 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट त्यांचाच. आपल्या मुला-मुलींपैकी ज्यांचा हात चांगला आहे, ज्यांनी मदरशात खुशखतीची तख्ती गिरवली आहे, त्यांना अप्लाइड आर्टचे रीतसर शिक्षण घेता येते. मुंबईतील जे. जे. उपयोजित कला संस्था त्यासाठीच आहे. दहावीनंतर 'सायन्स की कॉमर्स' एवढीच चर्चा होणाऱ्या घरांत हे नाव कानावर पडावे म्हणून लिहिले.

आता चित्राकडे येऊ. रोलाँ बार्थ या फ्रेंच लेखकाने १९६४ मध्ये एका शेवयांच्या जाहिरातीवर निबंध लिहिला होता. जाळीच्या पिशवीतून बाहेर आलेली पाकिटे, टोमॅटो, कांदा, ढोबळी मिरची, आणि लाल, हिरवा, पिवळा हे रंग. 'हा माल अस्सल इटलीचा आहे' असे वाक्य कुठेच नाही, तरी पाहणाऱ्याच्या मनात तेच उमटते. कंपनी फ्रान्सची होती, ही गंमत वेगळीच. बार्थचे म्हणणे असे की चित्र दोन थरांत बोलते. एका थरात वस्तू दिसते, दुसऱ्यात न बोललेले सुचवले जाते.

रमजानच्या आधी बाजारात येणारी पाकिटे या नजरेने पाहा. हिरवा रंग, घुमट, चंद्रकोर, खजुराची फांदी. पाकिटावर कुठेही 'हलाल' हा शब्द नसेल, प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचे नाव नसेल, तरी आई निर्धास्तपणे ते टोपलीत टाकते. चित्राने सुचवले आणि आपण ते वचन समजलो. पाकीट उलटून मागची बारीक अक्षरे वाचली, तर तिथे खरे काय ते लिहिलेले असते.

पाकिटावरची चौकटीतली खूणही अशीच नीट वाचायला हवी. हिरव्या चौकटीत हिरवा गोल म्हणजे शाकाहारी. मांसाहारी खूण पूर्वी तपकिरी चौकटीत तपकिरी गोल अशी होती. पण ज्यांना हिरवा आणि तपकिरी यांत फरक दिसत नाही, अशा माणसांना दोन्ही खुणा सारख्याच दिसत. फक्त रंगावर भार टाकल्याचा हा परिणाम. म्हणून अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत मांसाहाराच्या खुणेसाठी गोलाऐवजी त्रिकोण आणला गेला. आता रंगही वेगळा आणि आकारही वेगळा, म्हणजे शॅननचाच उपाय. हा बदल चांगला आहे. पण लासवेलचा चौथा प्रश्न इथे विचारा, ही खूण कोणाला सांगते? ती शाकाहारी ग्राहकासाठी बनलेली आहे. तपकिरी त्रिकोण दिसला म्हणजे आत प्राण्यापासून आलेले काहीतरी आहे, मग ते अंडे असेल, मासळी असेल किंवा जिलेटिन असेल. कोणता प्राणी, कसा जबह केलेला, हे ती सांगत नाही, सांगण्याचा तिचा दावाही नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर घटकांच्या यादीत आणि प्रमाणपत्रात शोधावे लागते, खुणेत नाही.

स्टुअर्ट हॉल या ब्रिटिश अभ्यासकाने १९७३ मध्ये मांडलेला मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाठवणाऱ्याने घातलेला अर्थ घेणारा तसाच काढेल, अशी हमी नाही. तो पूर्ण स्वीकारेल, थोडा स्वीकारून थोडा बदलेल किंवा साफ उलटा वाचेल. तो कोणत्या अनुभवातून आला आहे, यावर ते ठरते. आपल्या देशात याचे ठळक उदाहरण म्हणजे लाल त्रिकोण. कुटुंबनियोजनाची ही खूण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली. टोक खाली असलेला लाल त्रिकोण, सोबत आई, वडील आणि दोन मुलांचे हसरे चेहरे. आखणी म्हणून ती उत्तमच होती. भिंतीवर कोणालाही काढता येईल, निरक्षरालाही कळेल अशी. पण १९७५ ते १९७७ ची आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि अनेक ठिकाणी त्या जबरदस्तीने झाल्या. त्रिकोण तोच राहिला, रंग तोच राहिला, पण पाहणाऱ्याला त्यात आता पोलिसांची गाडी दिसू लागली. १९७७ नंतर सरकारने खात्याच्या नावातले 'नियोजन' काढून 'कल्याण' हा शब्द घातला. नाव बदलले, मनातला अर्थ इतक्या लवकर बदलत नाही.

त्याचा हिशेब पुढे पोलिओच्या वेळी चुकवावा लागला, असे माझे मत आहे. देशभर पल्स पोलिओ मोहीम १९९५ मध्ये सुरू झाली. 'दो बूंद जिंदगी की' हे शब्द, अमिताभ बच्चन यांचा चेहरा, पिवळे बॅनर, सगळे घराघरांत पोहोचले. तरी २००२ साली देशात पोलिओचे १,६०० रुग्ण सापडले, आणि त्यांतले बाराशेहून अधिक एकट्या उत्तर प्रदेशात होते. पश्चिम उत्तर प्रदेशातील कित्येक मुस्लिम मोहल्ल्यांत पथक आले की दारे लागत. या थेंबांनी मुलांना पुढे औलाद होणार नाही, ही अफवा जोरात होती. आणखी एक प्रश्न आया-बहिणी विचारत, आणि तो अफवा नव्हता. गटार तुंबलेले, नळाला पाणी नाही, दवाखान्यात डॉक्टर नाही, त्यासाठी कोणी येत नाही, मग हे थेंबच तेवढे फुकट आणि घरपोच का? जाहिरात कितीही सुंदर असो, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात नव्हते.

मग जे बदलले ते पोस्टर नव्हते, सांगणारा माणूस बदलला. युनिसेफच्या साहाय्याने वस्तीतल्याच हजारो लोकांना, त्यांत बहुतांश बायका, या कामात घेतले गेले. ज्या सलमाच्या किंवा शबानाच्या हातची फिरनी ईदला खाल्ली तीच दारात उभी राहिली, तर दार उघडतेच. मस्जिदीतून घोषणा होऊ लागल्या, इमामांनी आपल्या मुलांना सर्वांसमोर थेंब पाजले. अलीगढ मुस्लिम विद्यापीठ, जामिया मिल्लिया इस्लामिया आणि जामिया हमदर्द या संस्था पुढे आल्या. नंतर जिथे रोग सर्वांत चिवट होता, अशा उत्तर प्रदेश आणि बिहारमधील १०७ ब्लॉकमध्ये थेंबांबरोबर स्वच्छता, पिण्याचे पाणी आणि मुलांचे जुलाब यांकडेही लक्ष दिले गेले. म्हणजे त्या बहिणींच्या प्रश्नाला उशिरा का होईना, उत्तर मिळाले. आपल्या मालेगावातही २०१० मध्ये रुग्ण सापडले होते, आणि तिथेही उलेमांची मदत घ्यावी लागली. २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण होते, २०१० मध्ये ४२, आणि २०११ मध्ये फक्त एक. पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यातल्या एका लहान मुलीला १३ जानेवारी २०११ रोजी झालेला पोलिओ हा देशातला नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी आपल्या विभागाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

'कोण सांगतो' या पहिल्या प्रश्नाची ही ताकद आहे, आणि नेमकी हीच ताकद फसवणारेही वापरतात. कोकणातल्या आपल्या घरांसाठी हा सर्वांत नाजूक विषय म्हणजे आखाती नोकरीची जाहिरात. मोबाइलवर चित्र येते. मागे उंच इमारती, कोपऱ्यात विमान, वर लाल पट्टीत 'तातडीने पाहिजेत'. ड्रायव्हर, हेल्पर, ए.सी. मेकॅनिक. राहणे-जेवण मोफत, व्हिसा तयार, उद्या शेवटची तारीख. मी हे चित्र वर्गात दाखवतो आणि लासवेलचे पाच प्रश्न लावायला सांगतो.

कोण सांगतो? मुले म्हणतात, मामूंनी पाठवले आहे. मामूंना कोणी पाठवले? त्यांच्या दोस्ताने. त्याच्या मागे? तिथे वाट बंद होते. मामूंवरचा आपला भरवसा चित्राबरोबर पुढे सरकत आला, मूळ पाठवणारा मात्र दिसेनासा झाला. म्हणून कायद्यानेच एक सोय केली आहे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. हा नोंदणी क्रमांक त्याच्या कार्यालयात आणि जाहिरातीतही असला पाहिजे. सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तो क्रमांक खरा आहे का, चालू आहे का, हे घरबसल्या तपासता येते.

काय सांगतो? पगाराचा आकडा आहे, पण रियालमध्ये की रुपयांत? कामाचे तास किती? 'आझाद व्हिसा' किंवा 'फ्री व्हिसा' हा शब्द तर खास नीट ऐका. आपल्याला वाटते मोफत, किंवा कुठेही काम करायची मोकळीक. असा व्हिसाचा कोणताही कायदेशीर प्रकार नाही. ज्याच्या नावावर व्हिसा आहे तो काम देत नाही, माणसाने ते बाहेर शोधायचे, आणि पकडला गेला तर जबाबदारी त्याचीच. एकच शब्द, बोलणाऱ्याचा अर्थ एक आणि ऐकणाऱ्याचा दुसरा.

कोणाला सांगतो? दहावी पास नसलेल्या मुलाच्या पासपोर्टवर बहुधा ई.सी.आर. असते. अशा मुलाला आखातातल्या देशांसह ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. ही आडकाठी वाटते, पण तो त्याचा आधार आहे, कारण त्या निमित्ताने करारनामा तपासला जातो. 'परवानगीची भानगड नको, आधी टुरिस्ट व्हिसावर पाठवतो' असे म्हणणारा एजंट तो आधारच काढून घेत असतो. मुंबईत यासाठी उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय आहे, तिथे जाऊन विचारता येते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी. घेता येतो, म्हणजे ३५,४०० रुपये, आणि तेही पावती देऊन. अम्मीच्या बांगड्या मोडून लाख-दीड लाख रुपये रोख देणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांच्यापैकी एकाकडेही पावती नव्हती.

परिणाम काय? 'उद्या शेवटची तारीख' हे शब्द माहिती देत नाहीत, ते विचार करायचा वेळ काढून घेतात. मधुमेह मुळापासून बरा करणाऱ्या चूर्णाच्या जाहिरातीतही हेच शब्द असतात. तसल्या दाव्यांवर १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार मात्र कोणीतरी करावी लागते.

गेल्या सत्रात मी मुलांना तीच नोकरीची जाहिरात प्रामाणिकपणे पुन्हा लिहायला दिली. पगार, चलन, तास, सुट्टी, राहण्याची जागा, शुल्क, करार किती वर्षांचा, सगळे घालता घालता वहीचे पान भरले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, वर्तमानपत्रवाले ओळीप्रमाणे पैसे घेतात ना? एवढी जाहिरात देईल कोण?" प्रश्न रास्त होता. मग आम्ही पान खोडत खोडत आलो. काय काढले तर चालेल आणि काय काढले तर चालणार नाही, यावर तास संपेपर्यंत वाद झाला. राहण्याची जागा गेली, सुट्टी गेली, विमानाचे चित्र तर पहिल्यांदाच गेले. शेवटी तीन ओळी राहिल्या: काम आणि पगार, कंपनीचे नाव, एजंटचा नोंदणी क्रमांक. त्या मुलीने तो क्रमांक सर्वांत वर घेतला आणि बाकी दोन ओळींपेक्षा जाड काढला.